किल्ली हरवल्यानंतर : चांद्याचे दरवाजे, वनखात्याचा हातोडा आणि मोटारीचे कुलूप (धागा)

मोटारीची किल्ली हरवली की माणसापुढे एकाच वेळी दोन प्रश्न उभे राहतात. मात्र त्याला सहसा एकच दिसतो. आता गाडी उघडायची कशी, हा पहिला. ती किल्ली ज्याला सापडेल तो माणूस गाडी केव्हा उघडील, हा दुसरा. पहिला प्रश्न तासाभराचा, फार तर दोन दिवसांचा असतो. दुसरा प्रश्न कुलूप बदलेपर्यंत जिवंत राहतो. पूर्वीच्या राज्यकर्त्यांनी, खजिनदारांनी आणि वनाधिकाऱ्यांनी या दुसऱ्या प्रश्नाचा किती बारकाईने विचार केला होता, हे पाहण्यासाठी चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन वनजिल्हे चांगले आहेत. तेथे दरवाजेही आहेत, खजिनेही होते, आणि किल्लीसारखेच काम करणारी एक वेगळी लोखंडी वस्तू आजही वापरात आहे. धागा थोडा लांब आहे. मोटारीचा विषय शेवटी पुन्हा येईल.

आरंभी शब्दांविषयी थोडेसे. 'कुलूप' हा शब्द अरबी 'कुफ्ल'वरून आला. मराठीच्या जिभेवर त्यातील 'फ' आणि 'ल' यांची अदलाबदल झाली. 'चावी' पोर्तुगिजांची. विदर्भात तिची 'चाबी' होते. 'किल्ली' मात्र देशी आहे. तिचे मूळ 'कील' म्हणजे खुंटी किंवा खिळा या शब्दात सांगितले जाते. 'किल्ला' आणि 'किल्ली' हे शब्द सख्ख्या भावंडांसारखे दिसतात, पण त्यांचे नाते नाही. किल्ला अरबी 'कल्आ'चा वंशज. तरीही किल्लेदाराच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असावा, हे मराठी कानाला इतके स्वाभाविक वाटते की ही व्युत्पत्ती सांगितली तरी पुष्कळांना पटत नाही.

आता चांद्याचा परकोट. इरई आणि झरपट या नद्यांच्या सान्निध्यात गोंड राजांनी वसवलेल्या या नगराभोवती सुमारे ११ किलोमीटर लांबीचा दगडी तट आहे. खांडक्या बल्लाळशहाच्या काळात त्याचा आरंभ झाला आणि पुढील अनेक पिढ्यांनी तो पूर्ण केला, अशी परंपरा आहे. या तटाला चार मोठे दरवाजे : जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा. त्यांच्या जोडीला पाच खिडक्या, म्हणजे लहान दारे : चोर, विठोबा, हनुमान, मसण आणि बगड. मसण खिडकी कशासाठी असावी, हे नावच सांगते. दरवाजांवर हत्तीला नमवणाऱ्या सिंहाचे राजचिन्ह कोरलेले आहे. चंद्रपूरकर रोज त्याच्या खालून जातात आणि वाहतुकीच्या गर्दीत मान वर करून पाहण्याची उसंत फार थोड्यांना मिळते.

नऊ वाटा असलेल्या नगराचे रक्षण म्हणजे नऊ ठिकाणच्या अडसरांचे, साखळदंडांचे आणि कुलपांचे रक्षण. मोठ्या नगरद्वाराची खरी ताकद जाड फळ्या, लोखंडी खिळे आणि आतून आडवा सरकवलेला अडसर यांत असते. कुलूप हा त्यांतला सर्वांत लहान भाग. मात्र अडसर काढण्याचा अधिकार कोणाचा, हे ते लहानसे कुलूप ठरवते. म्हणून नगराच्या किल्ल्या ज्याच्या हाती, त्याच्या मनात काय आहे याला तटाच्या उंचीइतकेच महत्त्व असते. चांद्याच्या बाबतीत याचा प्रत्यय १७४९ मध्ये आला.

त्या वेळी गादीवर नीळकंठशहा होता. ब्रिटिश अधिकाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात संकलित केलेल्या वृत्तांतानुसार त्याने वडिलांच्या विश्वासातील दिवाणाला ठार करवले, शेजारच्या देवगडच्या राजकारणात हात घातला आणि प्रजेला जाच दिला. नागपूरकर रघूजी भोसले चांद्यावर चालून आले तेव्हा हा परकोट त्यांना फोडावा लागला नाही. आतल्या असंतुष्टांनी फितूर होऊन दरवाजे उघडले. १७५१ पर्यंत राज्य पूर्णपणे भोसल्यांकडे गेले आणि नीळकंठशहा बल्लारपूरच्या किल्ल्यात कैदेत पडला. ब्रिटिश लेखकांना देशी राजांच्या पतनाची कारणे त्यांच्या दुर्वर्तनात शोधण्याची सवय होती, हे लक्षात ठेवून हा वृत्तांत वाचावा. तरी त्यातील एक गोष्ट सहज बाजूला सारता येत नाही : पिढ्यान्‌पिढ्या उभारलेला तट निरुपयोगी ठरला, कारण किल्ल्या बाळगणाऱ्यांची निष्ठा आधीच गळाली होती. किल्ली जागच्या जागी असूनही ती हरवलेली असू शकते, ती अशी.

१८१८ ची कथा याच्या अगदी उलट आहे. तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धाच्या अखेरीस कर्नल अॅडम्सच्या फौजेने चांद्याला वेढा दिला. या वेळी आतून कोणी दार उघडले नाही. किल्लेदार गंगासिंग शरण येण्यास तयार नव्हता. इंग्रजांनी तोफा लावून तटाला खिंडार पाडले आणि २० मे १८१८ रोजी त्या खिंडारातून नगर घेतले. गंगासिंग लढाईत कामी आला. ज्याच्याजवळ किल्ली नाही त्याला आत शिरण्याचे जे दोन सनातन मार्ग आहेत, ते चांद्याने सत्तर वर्षांच्या आत दोन्ही पाहिले. पहिल्यात तटाचा दगडही हलला नाही आणि राज्य गेले. दुसऱ्यात तट फुटला, शहर लुटले गेले, माणसे मेली.

किल्ल्या एकाच माणसाच्या मुठीत ठेवण्यात धोका आहे, हे सतराव्या शतकातील मराठी राज्यकर्त्यांना पक्के ठाऊक होते. शिवकालीन गडव्यवस्थेचे वर्णन सभासदाच्या बखरीत आहे. प्रत्येक गडावर हवालदार, सरनोबत आणि सबनीस असे तीन अधिकारी, तिघांचा दर्जा सारखा, आणि कारभार तिघांनी मिळून करायचा. दरवाजाच्या किल्ल्या हवालदाराच्या ताब्यात असल्या तरी गड शत्रूच्या हवाली करणे त्याच्या एकट्याच्या हातात राहू नये, अशी ही मांडणी होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राने दुसरी खबरदारी सांगितली : गडाला एकच दरवाजा असणे हा दोष समजावा, दोन-तीन दरवाजे आणि चोरदिंड्या ठेवाव्यात. एक वाट बंद झाली तर दुसरी असावी, हा विचार थेट आजच्या 'दुसऱ्या किल्ली'चा आहे.

या व्यवस्थेची दुसरी बाजू हिरकणीच्या आख्यायिकेत दिसते. रायगडावर दूध घालायला आलेली गवळण, सूर्यास्तानंतर बंद झालेले दरवाजे, घरी तान्हे मूल, आणि मग कड्यावरून अंधारात उतरणारी आई. ती कथा इतिहास म्हणून सिद्ध करता येत नाही; पण तिच्यात एक नेमकी जाण आहे. चोख कुलूप चोराला आणि आईला सारखेच अडवते. त्याला माणसे ओळखता येत नाहीत. आख्यायिकेतील राजाने पुढे काय केले, तेही पाहण्यासारखे आहे. त्याने हिरकणीचा सन्मान केला, आणि ती जेथून उतरली त्या कड्यावर बुरूज बांधून ती वाट बंद केली. जेथून एक आई उतरू शकते तेथून शत्रू चढू शकतो, हा त्यामागचा हिशेब. पहिल्या प्रश्नाचे कौतुक करून राजा लगोलग दुसऱ्या प्रश्नाकडे वळला.

योगायोग असा की चांदा पडले त्याच १८१८ मध्ये इंग्लंडात याच दुसऱ्या प्रश्नावर एक यांत्रिक उत्तर निघाले. आदल्या वर्षी पोर्ट्समथच्या सरकारी गोदीत खोट्या किल्ल्या वापरून चोरी झाली होती. जे कुलूप फक्त स्वतःच्याच किल्लीने उघडेल असे कुलूप करून दाखवा, असे आव्हान सरकारने दिले. जेरेमाया चब या कारागिराने आपल्या कुलपात एक अधिकचा खटका बसवला. चुकीची किल्ली किंवा तार घालून कोणी पट्ट्या प्रमाणाबाहेर उचलल्या की हा खटका अडकून बसे आणि मग खऱ्या किल्लीनेही कुलूप उघडत नसे. खऱ्या मालकाने किल्ली उलटी फिरवली की खटका सुटे. त्यामुळे कुलूप उघडले गेले नाही तरी कोणीतरी प्रयत्न करून गेला, हे मालकाला कळे. पुढे १८५१ च्या लंडन प्रदर्शनाच्या वेळी हॉब्ज नावाच्या अमेरिकन कुलूपतज्ज्ञाने हेही कुलूप उघडून दाखवले आणि इंग्रजांचा मोठा विरस झाला. भारतात या विद्येला देशी रूप मिळायला वेळ लागला. आर्देशिर गोदरेज यांनी मुंबईत कुलपांचा कारखाना काढला तो १८९७ मध्ये.

चांदा जिल्हा १८५४ मध्ये, नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर, प्रत्यक्ष ब्रिटिश अंमलाखाली आला. या अंमलाबरोबर जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी खजिना आला आणि खजिन्याबरोबर 'दुहेरी कुलूप' आले. ही पद्धत साधी असली तरी विलक्षण विचारपूर्वक आखलेली आहे. रोकड, मुद्रांक आणि मौल्यवान वस्तूंच्या पेटीला किंवा खोलीला दोन भिन्न कुलपे. एकाची किल्ली कोषागार अधिकाऱ्याकडे, दुसऱ्याची खजिनदाराकडे. दोघे एकत्र उभे राहिल्याशिवाय दार उघडत नाही. एकाची किल्ली हरवली किंवा चोरीला गेली, तरी सापडणाऱ्याच्या हाती फक्त अर्धे दार येते. दोन्ही कुलपांच्या दुसऱ्या किल्ल्या मोहोरबंद पाकिटात घालून त्याच इमारतीबाहेर, दुसऱ्या अधिकाऱ्याच्या किंवा कार्यालयाच्या ताब्यात ठेवायच्या. ते पाकीट ठरावीक काळाने तपासायचे. त्याची नोंद वहीत व्हायची.

आणि किल्ली हरवलीच तर? पाकिटातील दुसरी किल्ली आणून दार उघडणे हा उपाय तात्पुरता मानला जाई. ताबडतोब वरिष्ठांना कळवायचे, आतील ऐवज मोजायचा, आणि ज्या कुलपाची किल्ली हरवली ते कुलूप पुन्हा वापरायचे नाही. किल्ली चार दिवसांनी कोपऱ्यात सापडली तरी मधल्या काळात तिची नक्कल झाली नसेल याची खात्री कोण देणार, हा यामागील विचार आहे. घरगुती व्यवहारात किल्ली सापडली की माणूस सुटकेचा निःश्वास सोडतो. खजिन्याच्या जुन्या शिस्तीत चौकशी तेथूनही पुढे चालू राही. निवडणुकीनंतर मतदानयंत्रे ज्या सुरक्षा कक्षात ठेवतात त्यालाही आज दुहेरी कुलूपच असते. दुर्गम मतदानकेंद्रांवरून हेलिकॉप्टरने कर्मचारी परत आणावे लागतात त्या गडचिरोलीतही प्रवासाचा शेवट या दोन किल्ल्यांपाशी होतो.

ही शिस्त कागदावर राहिली तर काय होते, याचे अलीकडचे सर्वांत गाजलेले उदाहरण पुरीचे आहे. चांद्याशी त्याचा एक जुना धागा जुळतो. ज्या १७५१ मध्ये चांदा भोसल्यांचे झाले, त्याच साली बंगालच्या अलीवर्दीखानाशी झालेल्या तहाने ओडिशाही त्यांच्याकडे आला, आणि १८०३ पर्यंत जगन्नाथ मंदिराची देखरेख नागपूरकरांच्या अंमलात होती. त्या मंदिराच्या रत्नभांडाराच्या आतल्या खोलीतील ऐवजाची शेवटची सविस्तर मोजदाद १९७८ मध्ये झाली. १९८५ मध्ये खोली उघडली गेली, आणि मग तीन दशकांहून अधिक काळ ती बंद राहिली. ४ एप्रिल २०१८ रोजी न्यायालयाच्या आदेशाने पाहणी पथक आत गेले, तेव्हा आतल्या खोलीची किल्लीच नव्हती. पथकाने जाळीतून दिवे टाकून बाहेरूनच पाहणी केली. दोन महिन्यांनी ही बातमी फुटली आणि ओडिशात गदारोळ झाला. राज्य सरकारने न्यायमूर्ती रघुवीर दाश यांची चौकशी नेमली.

त्यानंतर काही दिवसांतच जिल्हाधिकारी कार्यालयाच्या अभिलेख कक्षात एक पाकीट सापडले. त्यावर आतल्या रत्नभांडाराच्या दुय्यम किल्ल्या असे लिहिलेले होते. किल्ल्या ज्यांच्या ताब्यात असायला हव्यात त्यांनाच त्या पाकिटाचे विस्मरण झाले होते; नियमाप्रमाणे पाकीट वेळोवेळी तपासले गेले असते तर हा प्रसंगच आला नसता. पण कथेचा खरा धडकी भरवणारा भाग पुढे आहे. १४ जुलै २०२४ रोजी अखेर खोली उघडायचे ठरले, तेव्हा त्या दुय्यम किल्ल्यांनी एकही कुलूप उघडले नाही. तीन कुलपे तोडून आत जावे लागले. मग त्या किल्ल्या नेमक्या कोणत्या कुलपांच्या होत्या? मधल्या वर्षांत कुलपे बदलली गेली होती काय? कोणी, कधी? राजकीय आरोप-प्रत्यारोप पुष्कळ झाले. त्यांच्या गोंगाटात हे साधे प्रश्न मागे पडले. तोडलेले कुलूप हे प्रश्न विचारण्याचे साधनही बरोबर घेऊन जाते, हे मात्र येथे नोंदवायला हवे.

आता जंगलाकडे. चंद्रपूर आणि गडचिरोली येथील सागवान देशभर नावाजलेले आहे. आलापल्लीजवळचे 'ग्लोरी ऑफ आलापल्ली' हे न तोडलेले जुने वन २०१४ मध्ये राज्यातील पहिले जैविक वारसा स्थळ म्हणून घोषित झाले, आणि अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी सागवान २०२३ मध्ये बल्लारपूरच्या आगारातून गेले. अशा मुलखात मौल्यवान ऐवज खोलीत कोंडून ठेवलेला नसतो. तो शेकडो चौरस किलोमीटरवर उभा असतो. त्याला कुलूप घालायचे कसे?

वनखात्याने यावर काढलेला उपाय म्हणजे शिक्क्याचा हातोडा. खात्यात त्याला सरळ 'हॅमर' म्हणतात. त्याच्या तोंडावर अक्षरे किंवा खूण उलटी कोरलेली असते. तोडीसाठी निवडलेल्या झाडाची साल बुंध्यापाशी थोडी तासायची आणि त्या उघड्या लाकडावर हातोड्याचा घाव घालून खूण उमटवायची. घाव मुद्दाम जमिनीलगत, झाड पाडले तरी खुंटावर ती खूण शाबूत राहील असा. मागाहून तपासणीला आलेला अधिकारी खुंट पाहतो : खूण आहे, तोड कायदेशीर, खूण नाही, झाड चोरीला गेले. पुढे ओंडक्यांवर क्रमांक पडतात, वाहतुकीआधी पुन्हा शिक्का बसतो, आणि नाक्यावरचा वनरक्षक परवान्यावरील तपशील लाकडावरील खुणेशी ताडून पाहतो. म्हणजे हा हातोडा जंगलाची किल्लीच आहे. फरक एवढा की साधी किल्ली दार उघडून झाल्यावर मागे पुरावा ठेवत नाही, हातोडा ठेवतो.

हा हातोडा हरवला, तर हरवलेल्या लोखंडाची किंमत नगण्य असते. सापडणाऱ्याच्या हाती मात्र चोरीचे लाकूड कायदेशीर करण्याची शक्ती येते. रात्री तोडलेल्या सागाच्या खुंटावर तो एक घाव घातला की सकाळी ती तोड सरकारी ठरते. म्हणून लाकडावरील सरकारी खुणांचे बनावटीकरण हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात स्वतंत्र गुन्हा आहे. कलम ६३ मध्ये त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. याच कारणाने हातोडे कुलपात राहतात, कोणाला कधी दिले व परत कधी आले याची वही असते, आणि हातोडा गहाळ झाला तर केवळ वरिष्ठांना कळवून भागत नाही. शेजारच्या वनक्षेत्रांना, आगारांना आणि नाक्यांना त्या खुणेची सूचना द्यावी लागते, जेणेकरून ती खूण दिसताच लाकूड अडवले जाईल. दरवाजाचे कुलूप बदलता येते. जंगलातील लाखो झाडांचे कुलूप बदलता येत नाही. तेव्हा हरवलेली किल्लीच सर्वत्र नामंजूर करायची, हा तोडगा. रिते कुलूप बदलण्यापेक्षा तो अधिक चतुर आहे, आणि तो यंत्रयुगाच्या बराच आधीचा आहे.

वनखात्याच्या सत्तेविषयी येथील गावांच्या मनात असलेला राग या हातोड्याच्या खुणेशीही जोडलेला आहे, हे विसरून चालणार नाही. ज्या माडिया आणि गोंड गावांनी पिढ्यान्‌पिढ्या या जंगलात सरपण, बांबू आणि घरासाठी वासे घेतले, त्यांना एका सकाळी कळले की जंगलाला कुलूप लागले असून किल्ली त्यांच्याकडे नाही. २७ एप्रिल २०११ रोजी गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गावाच्या ग्रामसभेला बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक मिळाले. वनहक्क कायद्यानंतरही चाललेल्या वादाचा तो निकाल होता. त्या दिवशी या मुलखातील एक किल्ली रीतसर दुसऱ्याच्या हाती गेली. असे इतिहासात क्वचित घडते.

हातोड्याच्या तोडग्याचा उल्लेख येथे सविस्तर करण्याचे कारण आजच्या मोटारीत आहे. हरवलेल्या किल्लीला नामंजूर करणे, हेच तत्त्व तिच्यात वीजेच्या रूपाने बसले आहे. सुरुवातीच्या मोटारींना किल्ली नव्हतीच. पुढे हँडल मारून किंवा बटण दाबून इंजिन सुरू होई. किल्ली फिरवताच इंजिन सुरू होण्याची सोय क्रायस्लर कंपनीने १९४९ च्या मोटारींत आणली. ती किल्ली निव्वळ धातूची होती; तिची नक्कल बाजारातला कोणताही किल्लीवाला कानशीने घासून करून देई. १९९० च्या दशकात युरोपात मोटारचोरी वाढली, विमा कंपन्यांनी तगादा लावला, आणि किल्लीच्या प्लॅस्टिकच्या डोक्यात एक सूक्ष्म चिप आली. किल्ली भोकात घातली की त्याभोवतीच्या तारेच्या वेटोळ्यातून चिपला ऊर्जा मिळते, ती आपला संकेत कळवते, आणि गाडीच्या संगणकाला तो ओळखीचा वाटला तरच इंधन आणि ठिणगी मिळते. याला इमोबिलायझर म्हणतात. धातूचे दाते हुबेहूब असले तरी संकेत नसेल तर इंजिन सुरू राहत नाही.

म्हणून किल्ली हरवल्यावरचे काम आता दोन भागांचे झाले आहे. उरलेली दुसरी किल्ली आणि नोंदणी पुस्तक घेऊन कार्यशाळेत गेल्यास नवी किल्ली गाडीला ओळखवून देता येते, आणि त्याच वेळी हरवलेल्या किल्लीचा संकेत गाडीच्या स्मरणातून पुसता येतो. हे दुसरे काम बहुतेक जण करून घेत नाहीत. किंबहुना ते करता येते हेच त्यांना माहीत नसते. संकेत पुसला तरी हरवलेल्या किल्लीच्या धातूच्या दात्यांनी दार उघडते, हेही लक्षात घ्यावे. किल्लीबरोबर गाडीचा क्रमांक किंवा घराचा पत्ता गेला असेल तर कुलपांचा संच बदलणे हाच खरा उपाय. गाडी नवी घेताना किल्ल्यांबरोबर क्रमांकाची छोटी पट्टी मिळते. ती किल्लीच्या जुडग्यातच अडकवून ठेवणारे लोक खजिन्याच्या अधिकाऱ्यांकडून काही शिकले नाहीत असे म्हणावे लागते. ती पट्टी घरी, वेगळी हवी. किल्ली हरवल्याची पोलिसांकडे नोंद करून दाखला घेणे हे कंटाळवाणे वाटते. पण उद्या गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही मूळ किल्ल्या मागते, आणि एक आधीच हरवली होती हे त्या दाखल्याशिवाय सिद्ध करता येत नाही.

शहरात हे सर्व एका दुपारचे काम आहे. गडचिरोलीत तसे नाही. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा झालेला हा जिल्हा १४,४१२ चौरस किलोमीटरचा आहे, आणि सिरोंचा ते जिल्ह्याचे ठिकाण हे अंतरच दोनशे किलोमीटरहून अधिक आहे. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. अशा ठिकाणी चिपची किल्ली तयार करणारे यंत्र बहुधा चंद्रपूर किंवा नागपूरला असते, आणि दोन्ही किल्ल्या गेल्या असतील तर गाडीच दुसऱ्या वाहनावर चढवून तेथवर न्यावी लागते. तेव्हा दुसरी किल्ली कोठे आहे, या प्रश्नाला येथे निराळे वजन येते. ती गाडीच्याच कप्प्यात असेल तर ती नसल्यासारखीच. ती नागपूरच्या घरी कपाटात असेल तर बंद रस्त्यापलीकडे असल्यासारखी. आलापल्ली, अहेरी, एटापल्लीकडे कामासाठी नेहमी जाणारे अनुभवी चालक ती सोबतच्या दुसऱ्या माणसाच्या खिशात देतात : एक किल्ली गाडी चालवणाऱ्याकडे, एक बरोबरच्याकडे, आणि दोघांनी एकाच वेळी नदीत उतरायचे नाही.

चांद्याच्या परकोटाची गोष्ट तेवढी राहिली. २०१७ पासून स्थानिक स्वयंसेवकांनी तटावरची झुडपे आणि कचरा काढून त्याचा मोठा भाग पुन्हा चालण्याजोगा केला. चारही दरवाजे उभे आहेत. जटपुरा दरवाजातून दिवसभर मोटारी, रिक्षा आणि दुचाकी एकमेकींना रेटत आत-बाहेर करतात, आणि दरवाजाला आता बंद करण्याजोगी फळी उरलेली नाही.